जावयाची मच्छरदाणी

आमच्या घरात मच्छरदाणी होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, बिचारे जंगलातले लोक, त्यांना काय ठाऊक. आम्हाला सगळं ठाऊक होतं. धानोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, धानाची शेती, बाबा ग्रामपंचायतीचे सदस्य, मी तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला. आणि आईच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली, कडुनिंबाचा पाला घालून घडी केलेली एक पांढरीशुभ्र मच्छरदाणी. फक्त ती आमच्यासाठी नव्हती. ती जावयाची होती.

माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न झालं ते नव्वद साल उलटून काही वर्षं गेल्यावर. जावई चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्रात नोकरीला. राहायला क्वार्टर, डोक्यावर पंखा, घरात नळ, खिडक्यांना जाळ्या आणि दारासमोरून कंपनीची बस. आमच्या गावात असा जावई आधी कोणाला मिळाला नव्हता, त्यामुळे तो आमचा कमी आणि गावाचा जास्त होता. पहिल्या दिवाळीला तो आला आणि सकाळी उठून गालावरच्या गांधी दाखवत बाबांना म्हणाला, "इथी माणसं झोपते कशे?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा त्याच आठवड्यात गडचिरोलीला गेले आणि मच्छरदाणी घेऊन आले. बाबांना स्वतःला दर पावसाळ्यात थंडीताप भरायचा. मलाही येऊन गेला होता, डोक्याचे अर्धे केस घेऊन गेला होता. पण आमच्या तापाने कधी कोणाला गडचिरोलीची बस पकडायला लावली नव्हती.

डासांच्या बाबतीत आमच्या घरची व्यवस्था चोख होती. जावयाला मच्छरदाणी. बैलांना धूर. गोठ्यात रोज संध्याकाळी गोवऱ्या पेटवून त्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा, आणि बाबा स्वतः खोकत, डोळे पुसत तो धूर बैलांच्या अंगावर हाकलायचे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आलेली असताना बैल आजारी पडला तर हंगाम गेला. बायकांना लुगड्याचा पदर, तो तोंडावर ओढून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, आपण गोठ्यातच झोपत जाऊ, निदान धूर तरी मिळेल. आईने माझी जीभ फार लांब झाल्याचं सांगितलं आणि लग्न कसं होणार याची काळजी केली.

आणि सरकारचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं असं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पाणी साचू देऊ नका. ते लिहिणारा बहुधा गव्हाच्या मुलखातला असावा. आमच्याकडे आषाढ-श्रावणात सगळं गाव कमरेत वाकून एकच काम करत असतं, पाणी साचवण्याचं. बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, काठोकाठ भरलेल्या पाहिजेत. एखाद्या बांधीतून पाणी वाहून गेलं तर भावाभावांत कुऱ्हाडी निघतात. त्या भिंतीखालून लोक कुदळ खांद्यावर टाकून पाणी साचवायला जायचे.

ताईला दिवस गेले आणि रीत आडवी आली. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत कोणी घालून दिली ते विचारायची सोय नाही, विचारणारी पोरगी शिकून बिघडली असं ठरतं. ताई राहत होती तिथे खिडकीला जाळी होती आणि पाच मिनिटांवर दवाखाना होता. तिथून तिला उचलायचं आणि भर आषाढात, घरटी एक माणूस गोधडीखाली कुडकुडत असताना, आमच्या गावात आणायचं. सासूने ओटी भरून पाठवली, आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन्हीकडच्या बायका तृप्त झाल्या. तीनही बाजू म्हणायला हरकत नाही, कारण डासांचीही तक्रार नव्हती.

ताई आईजवळ माजघरात झोपायची. पहिल्या चार-दोन दिवसांतच तिच्या हातापायांवर लाल ठिपके उठले. मीच तिला म्हटलं, मच्छरदाणी माग. तिने मागितली, तीही लाजत, जणू सोनं मागत होती. आई म्हणाली, "ते पाव्हण्याची हाय. चुलीच्या धुरानं काळी झाली तं पोळ्याले जावयाले काय लावू?" शेजारच्या बायका हसल्या. क्वार्टरवाली झाली म्हणाल्या, आता आपली माती हिला चावते. ताईने पुन्हा विषय काढला नाही. ज्या घरात ती वाढली तिथे पाहुणी ठरायची तिला लाज वाटली. मी मात्र रोज विषय काढत होते आणि आई रोज पेटीची किल्ली कमरेला घट्ट खोचत होती.

श्रावणात मलेरियाची फवारणी आली. बादल्या आणि पंप घेतलेली माणसं गावात शिरली की अर्धं गाव घरांना कुलपं लावून शेताकडे निघायचं. औषधाला घाण वास येतो, ढेकूण चेकाळतात, देवघर बाटतं, अशी एकेकाची कारणं. बाबा सदस्य पडले, त्यांना पळता येईना. त्यांनी चारचौघांत भाषण केलं की आजार घालवायचा तर सरकारला साथ द्या, आणि आमचं घर पहिलं पुढे केलं. ओसरी, माजघर, देवघर, सगळीकडे फवारा मारला गेला. त्या माणसांचा मुकादम आईला बजावून गेला, "बाई, आता दिवाळीपावेतो भिती लिपू नका. औषध भितीवर राह्यलं तरच मच्छर मरते." आईने मान डोलावली आणि त्याला चहा दिला.

औषध वाळलं तसे भिंतींवर पांढरे ओघळ उमटले. पोळा आठवड्यावर आला होता आणि पोळ्याला जावई येणार होता. आई ओसरीवर उभी राहून त्या ओघळांकडे दिवसभर बघत होती. जावई म्हणतील, सासरवाडीच्या भिंतींना कोड फुटलं, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पांढऱ्या मातीचा काला केला. मी भिंती वरून लिंपल्या, आईने खालून. ताईला वाकता येत नव्हतं म्हणून ती उंबऱ्यात बसून गेरू भिजवत होती. ती म्हणाली, "आई, तो भाऊ लिपू नका म्हणून गेला ना."

"तो काय पोळ्याले येणार हाय?" आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत घर बघत राहावं असं झालं. दुधासारख्या भिंती, खाली गेरूचा पट्टा. औषध भिंतीच्या आत, आम्ही बाहेर आणि मधे आमच्या हाताचा सुबक थर. माजघरातले डास त्या नव्या भिंतीवर येऊन बसले. त्यांनाही प्रसन्न वाटलं असणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई मोटारसायकलवर आला. येताना त्याने डास पळवायच्या अगरबत्तीचं, गोल वेटोळ्याचं, एक पाकीट आणलं होतं आणि बरोबर पुष्कळ ज्ञान आणलं होतं. ओसरीवरच्या खाटेवर बसून त्याने बाबांना आणि जमलेल्या लोकांना समजावलं, की डास साचलेल्या पाण्यात होतात, म्हणून रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करायचे, आजूबाजूला डबकं राहू द्यायचं नाही. आमच्या अंगणाच्या कुडापासून पार जंगलाच्या कडेपर्यंत बांध्या पाण्याने चकाकत होत्या. लोकांनी त्या बांध्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं आणि हो म्हणाले. बाबा सगळ्यात मोठ्याने हो म्हणाले.

दिवे लागताना आईने पेटी उघडली. मच्छरदाणीची घडी झटकली तसा कडुनिंबाचा वाळका पाला खाली पडला. ओसरीवर खाटेच्या चार पायांना बांबू बांधून तिने ती स्वतः लावली, कोपरे ओढून ओढून. जावई वाईट माणूस नव्हता, हे मला कबूल करावंच लागतं. तो म्हणाला, "तिले द्या ना. तिले जास्त गरज हाय." आई पदर तोंडाला लावून हसली. असं कुठे असतं का, म्हणाली. दोघांनी एकाच मच्छरदाणीत झोपावं हे तर तोंडातून काढायचीही सोय नव्हती, सासरवाडीत, तेही बायको आठव्या महिन्यात असताना, गावाने तोंडात शेण घातलं असतं. जावयाने एकदा म्हटलं. एकदाच. मग पाय आत घेतले. आईने त्याची अगरबत्तीही त्याच्याच खाटेखाली लावून ठेवली, जाळीतून चुकून एखादा डास आत शिरलाच तर.

पोळा झाला, बैलांची शिंगं रंगली, पाठीवर झुली आल्या, जावयाने पुरणाच्या पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत. आमच्याकडे त्या दिवशी पोरं पळसाच्या फांद्या ओढत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात, आणि मारबतीला ओरडून सांगतात की बाई, आमचा खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर, सगळी पीडा घेऊन जा. जावई गालावर उशीची घडी घेऊन मच्छरदाणीतून बाहेर आला, ओसरीत उभा राहून ती मिरवणूक बघत राहिला आणि हसला. असे मच्छर जाते काय, म्हणाला. तेवढ्यात मी आतून पळत आले. ताईचे दात वाजत होते. तिच्या अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या आणि त्या गोधड्यांसकट ती हलत होती.

जावयाची दुपारची ड्युटी होती. दवाखान्यात दाखवा, असं तो बाबांना म्हणाला आणि बाबा दाखवतो म्हणाले. मी म्हटलं, भाऊजींबरोबर बसने चंद्रपूरला पाठवा तिला, मोटारसायकल राहू द्या इथे, तिकडे चांगला दवाखाना आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाला लाथ मारली. ओटी भरून आणलेली लेक बाळाशिवाय सासरी परत पाठवत नाहीत, म्हणाली. लोक काय म्हणतील. जावई मोटारसायकलला किक मारून निघून गेला. तोही लोकांतलाच.

मलेरियाचं काम पाहणारा सरकारी माणूस सायकलवर गावोगाव हिंडायचा. तो आला, त्याने ताईच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, ती काच गडचिरोलीला जाईल म्हणाला, आणि तोवर द्यायला पांढऱ्या गोळ्या दिल्या. सगळ्या द्या, ताप उतरला तरी थांबू नका, हे त्याने आईला दोनदा सांगितलं. आईने त्यालाही चहा दिला. आमच्या घरून कोणी सांगणारा माणूस चहाशिवाय गेला नाही. मग शेजारणी म्हणाल्या, त्या गोळ्या गरम पडतात, पोटातलं लेकरू भाजून निघतं. आईने निम्म्या गोळ्या दिल्या आणि निम्म्या कोनाड्यात ठेवल्या. दोन दिवस ताप उतरला. आईने मला बोलावून ताईच्या कपाळावर हात ठेवायला लावला, पाहा म्हणाली, शिकलेल्यांनी पाहा.

ताप परत आला तेव्हा ताई आम्हाला ओळखेना. ती मला बसचं तिकीट मागत होती, ऊर्जानगरचं. बाबांनी गाडी जुंपली. बैलांच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून ताजा होता, एका शिंगाला बेगडाची पट्टीही चिकटलेली होती. वाटेत चिखलात दोनदा चाक रुतलं. धानोऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला कळा सुरू झाल्या होत्या.

मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सने तिला कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं, तेव्हा मी कापड सारून पाहिलं. डोक्यावर काळंभोर जावळ होतं. ताई शुद्धीवर नव्हती, तिला सलाइन लावत होते. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, दमलेले होते. त्यांनी बाबांना विचारलं, "घरी मच्छरदाणी आहे का?"

"हाय ना साहेब," बाबा म्हणाले. "चांगली हाय."

बाबा खोटं बोलले नव्हते. मी त्या व्हरांड्यात उभी होते आणि मला इतका राग आला की रडताही येईना. तो राग अजून आहे. लोक मला म्हणतात, इतक्या वर्षांनी कशाला उगाळतेस, आईबापाचं काही चुकलं का, त्यांना तेवढंच कळत होतं. नाही. त्यांना सगळं कळत होतं. फक्त कळलेलं कोणासाठी वापरायचं हे ठरलेलं होतं, आणि त्या रांगेत ताईचा नंबर बैलांच्याही मागे होता.

ताई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने लेकरू मागितलं, आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली म्हणून मला सांगावं लागलं. बघू दे म्हणाली. अजून पुरलं नव्हतं. बाबा नको म्हणत होते, तरी मी आणून दाखवलं. तिने जावळावरून एकदा बोट फिरवलं आणि परत दिलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी तो सायकलवाला माणूस आला. गडचिरोलीहून कळलं होतं, ताईच्या रक्तात मलेरिया निघाला होता. त्याने पूर्ण डोसाच्या गोळ्या काढून दिल्या. आईने कोनाड्यातल्या जुन्या गोळ्यांकडे पाहिलं नाही, सरळ चहा ठेवायला गेली. त्याच सुमारास जावई ताईला न्यायला आला. ओसरीवर बसून तो खूप रडला. मला त्याची दया आली, खरंच आली. पण दिवेलागण झाली तशी आई उठली, पेटी उघडली आणि चार बांबू आणले. सवय. ताई माजघराच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. तिने आईला एकेक कोपरा बांधताना पाहिलं. जावयाने डोळे पुसले आणि तो मच्छरदाणीत शिरून झोपला. सकाळी तो ताईला घेऊन गेला. बाळाशिवाय लेक परत पाठवायची नाही, ती रीत तेवढी मोडली. लोक काही म्हणाले नाहीत.

मधे दोन पावसाळे गेले. ताईला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं आणि आई लाडू करायला बसली. मला बरोबर घेऊन ती गडचिरोली, मूल, चंद्रपूर अशा बस बदलत ऊर्जानगरला निघाली. हातातली कापडी पिशवी तिने सगळ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवली नाही. ताईचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. खिडकीला हिरवी जाळी, वर पंखा गरगरत होता, आणि ताईचं पोट दिसायला लागलं होतं. भाऊजी ड्युटीवर होते. आईने लाडू ओट्यावर ठेवले आणि सातव्या महिन्यात न्यायला येते म्हणाली. मी म्हटलं, आता कशाला, रीत पहिल्याची आहे, हे दुसरं. तेव्हा आईने जे म्हटलं ते ती वाटभर जुळवत आली असणार.

"ते काय मोजाचं नाई, पोरी. ते झालंच नाई. तं हेच पह्यलं." मग तिने पिशवीत हात घालून मच्छरदाणी काढली आणि ताईच्या मांडीवर ठेवली. "या खेपेले हे तुलेच लावीन. जावई आले तरी."

ताईने मच्छरदाणीवरून हात फिरवला. घडीच्या रेघा अजून करकरीत होत्या, वापरलीच होती किती. ती आईवर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ते पह्यलं झालं, आई," ती म्हणाली. "मी पाह्यली होती तिले. तिच्या डोक्यावर केस होते." मग घडी होती तशी उचलून तिने आईच्या पिशवीत परत ठेवली. "माहेरी झालं. रीत पुरी झाली."

आम्ही जेवलो, ताईने चहा केला, आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. परतीच्या सगळ्या वाटेत पिशवी तशीच आईच्या मांडीवर होती. गडचिरोली सुटल्यावर जंगल सुरू झालं, खिडकीतून ओल्या मोहाचा वास यायला लागला. मला वाटलं, आता घरी गेल्यावर पेटी उघडेल, नवा पाला घालेल आणि किल्ली कमरेला खोचेल. दुसरा जावई अजून यायचा होता.

घरी पोचलो तेव्हा बाबा गोठ्यात धूर करत होते. आईने लुगडंही बदललं नाही. ती माजघरात गेली, माझ्या खाटेला चार बांबू बांधले आणि पिशवीतून मच्छरदाणी काढली. बाबा खोकत खोकत आत आले आणि ते बघून दारातच थांबले.

"कोण येऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई," आई म्हणाली, आणि चौथा कोपरा बांधला.